मी चिंगीला मारलं

प्रिय शालन,

आज सकाळी मी पिल्लाला मारलं. गुंडाळलेल्या पेपरनं, दोनदा. मुलीला फोनवर हे सांगता येईना, शेजाऱ्यांना तर नाहीच. म्हणून तुला लिहितोय.

तुला चिंगी माहीत नाही. तुझं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्याच आठवड्यात तुझा विष्णू तिला पवनानगरहून घेऊन तळेगावला आला. जीपमधून, मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. "दाजी, एकलं ऱ्हाता तुमी. ठेवा हिला. लय शानी हाय," म्हणाला. जन्मभर तू कुत्रं मागत राहिलीस आणि मी 'फ्लॅटमध्ये नको' म्हणत राहिलो. तुझ्या भावाला मात्र नाही म्हणवलं नाही. राग येतोय ना तुला? यायलाच हवा.

शहाणी असेलही ती. पण शू कुठं करायची, हे तीन आठवड्यांत मला तिला शिकवता आलेलं नाही. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येईपर्यंत तिचं उरकलेलं असतं. खाली नेली तर सोसायटीतली एकेक कुंडी हुंगत अर्धा तास घालवते आणि वर येऊन उंबऱ्यातच करते. पेपर अंथरला तर तो फाडते आणि त्याच्या शेजारी करते. कारखान्यात तीस वर्षं मी नव्या कामगारांना मशीन शिकवलं. त्याचा मला केवढा ताठा होता, तू बघितलायस. आता या वीतभर जिवापुढे मी हातात फडकं घेऊन उभा असतो.

आज तिनं तुझी गोधडी भिजवली. तुझ्या जुन्या साड्यांची, तू शिवलेली. मी ती अजून धुतलेली नव्हती, का ते विचारू नकोस. माझा तोल गेला.

ती पळाली नाही गं. कान पाडून फरशीला चिकटली आणि भीतीनं तिथंच पुन्हा तिची शू झाली.

तेव्हा मला ती दुपार आठवली. तुझ्या आजारपणातली. सकाळपासून तिसरी चादर बदलत होतो. मी म्हणालो, "जरा आधी सांगता येत नाही का?" तू भिंतीकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "चुकलं माझं."

त्यानंतर तू पाणी पिणं कमी केलंस. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणालीस, "तहानच लागत नाही." मला खरं कारण तिथंच कळलं होतं, शालन. तरी घरी येऊन मी गप्प बसलो. दोन शब्दांचं काम होतं. का नाही बोललो? आणि तू तरी माझ्याशी भांडायचं होतंस. एरवी भाजीत मीठ कमी म्हटलं तरी भांडायचीस.

शेवटी विष्णूला फोन लावला. म्हटलं, "हिला घेऊन जा. मला जमत नाही."

"मारलं का, दाजी?"

"हो."

"मारू नका. भ्याली की लपून करंल, थांबायची न्हाई. खाल्लं की खाली न्या, झोपून उठली की न्या. भाईर केलं की पाठीवरनं हात फिरवा."

"आणि घरात केलं तर?"

"पुसायचं. बोलायचं न्हाई काय. ती काय मुद्दाम करती व्हय?"

मग तो म्हणाला, "रविवारी येतो. तवा बी नको वाटली, तर नेतो."

दुपारी ती झोपून उठल्याबरोबर मी तिला उचलून खाली नेलं. बराच वेळ उभा राहिलो. काही नाही. वर आलो आणि तिनं स्वयंपाकघरात, ओट्यापाशी केलं. माझ्याकडे बघितलं आणि खाटेखाली शिरली. मी गुडघे धरत खाली बसलो, पुसलं, बोललो नाही. ती अजून बाहेर आलेली नाही. मीही फरशीवरच बसून हे लिहितोय. हाक मारली तर आणखी आत सरकते.

रविवारपर्यंत ती शिकेल का, मला माहीत नाही. मी शिकेन का, तेही नाही. पण विष्णूला मी तिला नेऊ देणार नाही. आणि या घरात फरशी ओली झाली म्हणून पुन्हा कुणालाही माझ्यापुढे मान खाली घालावी लागणार नाही, एवढा शब्द देतो. तुला द्यायचा राहिला होता.

तुझाच,
वसंत