अळूच्या देठाच्या रंगाचं पेन

तिसगाव, १८ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. संगमनेरची प्रवरेकाठची शाळा सोडून निघताना बदलीचा राग होता. पाथर्डी तालुक्यात शिरेपर्यंत तो निम्मा उतरला आणि खोली पाहिल्यावर उरलासुरलाही गेला. दोन खोल्या, वर स्लॅब, पुढे लिंबाचं झाड, दिवसाआड नळाला पाणी. घरमालकीण मरियाबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांचे यजमान जोसेफ सर मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. टेम्पोतलं सामान उतरायच्या आत बाईंनी बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. चोपन्नाव्या वर्षी एकट्याने नव्या गावात राहायचं म्हणून धास्ती होती. जेवलो आणि धास्ती विसरलो.

पेनांची पेटी मात्र टेम्पोत दिली नाही, मांडीवर घेऊन आलो. एकतीस पेनं, सगळी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची, आणि नेहमीच्या काळ्या-निळ्या रंगाचं एकही नाही. मोरचुदी, विटकरी, कच्च्या कैरीचं, एक तर हळदीत शाई सांडल्यासारखं. एकातही मी कधी शाई भरलेली नाही. रोजनिशी बॉलपेनाने लिहितो. बायकोला, पुष्पावतीला, याचं हसू यायचं. "पेनं हायेत का देव?" म्हणायची. ती गेली त्याला चौदा महिने झाले.

२३ नोव्हेंबर

शाळा ठीक आहे. नववीच्या वर्गात निम्मी बाकं रिकामी. पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली. उरलेल्यांना शिकवूनही दमायला होतं. रोज आठ वाजता आरतीचा पुण्याहून फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का. मुलगी आता माझी आई झाली आहे.

आज मरियाबाईंनी पेनांची पेटी पाहिली, आत गेल्या आणि बिस्किटाच्या डब्यातून जोसेफ सरांचं पेन घेऊन आल्या. मी पाहतच राहिलो. अळूच्या देठाचा तो काळपट जांभळा रंग, त्यात दुधाळ रेघा. तीस वर्षांत असा रंग पाहिला नव्हता. संग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकला तर तिथे भांडणच पेटलं. अर्ध्यांचं म्हणणं, पेन लिहिण्यासाठीच असतं, भरा. बाकीचे म्हणाले, खबरदार, असला रंग शाईने डागाळतो, पुन्हा मिळायचा नाही. बाईंचं मत सरळ होतं. "ठिवून काय करायचं, भाऊ? सर रोज ह्यानंच लिहायचे. तुमी लिवा."

३० नोव्हेंबर

आठवडाभर पेन नुसतं हातात घेऊन ठेवून देत होतो. आज पाय ओढत घरी आलो आणि का कोण जाणे, भरलं. पाथर्डीहून आणलेली काळी शाई. निब टेकली आणि हात चालू लागला. चौदा महिने जे लिहवत नव्हतं ते लिहितो.

नगरचं हॉस्पिटल. पुष्पावतीचा शेवटचा दिवस. सकाळी ती म्हणाली, माझे केस विंचरा. मी म्हणालो, डॉक्टर येऊन जाऊ देत, मग. डॉक्टर आले, गेले. मी खाली चहाला उतरलो. वर आलो तेव्हा नर्सने उशीखालची फणी काढून माझ्या हातात दिली. केस तसेच गुंतलेले होते.

१ डिसेंबर

मेल्यासारखा झोपलो. सकाळी कालचं पान वाचलं. अक्षर माझंच. पण फणीचं मला काही आठवत नाही. पुष्पावती नगरला हॉस्पिटलात गेली एवढं माहीत आहे, शेजारच्या गावातली बातमी माहीत असावी तसं. छातीवरचा दगड गेला. बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते आहे.

५ डिसेंबर

हे पेनामुळेच का, याची खात्री करून पाहिली. भावाशी झालेलं भांडण त्या पेनाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते फक्त कागदावर होतं. वडिलांचं आजारपण लिहिलं, तेही गेलं. जे बॉलपेनाने लिहितो ते राहतं. पहिल्यांदा एक रात्र जावी लागली. आता चहा होईपर्यंत पुसलं जातं.

मन हलकं होतं, अंग मात्र जड. खडू उचलायचा कंटाळा येतो. आणि वाईट तेवढंच लिहायचं असं ठरवलं होतं, तरी काल लग्नाचा दिवस लिहून बसलो. निब थांबू देत नाही. भिंतीवरच्या फोटोतली बाई आज ओळखीची वाटते. एवढंच.

९ डिसेंबर

मरियाबाईंना विचारलं, सर कशाने गेले? बाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचे हात थांबले.

"आजार असा न्हवताच, भाऊ. इसरत गेले. शेवटी मला इचारायचे, बाई, तुमी कुनाच्या? बावन्न वर्सं संसार केला मी."

डॉक्टरांनी वयामुळे म्हणून सांगितलं होतं. सरांच्या वह्या ट्रंकेत आहेत, पण बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू, वाचणार कोण? मी वाचल्या. पहिल्या वहीपासून सगळीकडे बाईच. माहेरच्या मळ्यातलं त्यांचं पहिलं दर्शन, पहिलं मूल गेलं ती रात्र, त्यांचं चर्चमधलं गाणं. शेवटच्या वहीत एकच ओळ. घरात एक बाई असते, चहा चांगला करते.

काय लिहिलंय, बाईंनी विचारलं. मी म्हणालो, सगळं तुमच्याविषयी आहे. त्या पदराने डोळे पुसत कितीतरी वेळ हसत होत्या. शेवटची वही मी वाचून न दाखवताच ट्रंकेच्या तळाशी ठेवली.

१० डिसेंबर

पेन धुतलं. बाईंना परत दिलं. मी मागितलं तरी देऊ नका म्हणालो.

१३ डिसेंबर

पेन माझ्या खिशात आहे. बाई म्हणतात, तुमीच दुपारी आला, लई हातापाया पडला, लहान लेकरावानी. मला आठवत नाही. वहीत तीन पानं काळ्या शाईची. कोणा एका शाळेविषयी. प्रवरेच्या काठावरची. छान शाळा असावी.

१६ डिसेंबर

अंगणात दगड घेऊन बसलो. पेन पायरीवर ठेवलं. एक घाव पुरला असता. ऊन त्या दुधाळ रेघांत शिरलं — असा रंग पुन्हा कुठे —

दगड ठेवून दिला. थकलो आहे फार.

१९ डिसेंबर

शाळेत गेलो नाही. शिपाई आला होता. सर म्हणून हाक मारत होता. मला, बहुतेक.

फोटोतली बाई — केस छान आहेत तिचे.

२२ डिसेंबर

आठ वाजता फोन वाजला. आरती. आवाज ओळखला — ओळखला! म्हणाली, बाबा, असं का बोलता, मी येते. चोवीसला, दुपारच्या गाडीने. मग नगरला डॉक्टरकडे जाऊ.

तिच्याविषयी त्या पेनाने अजून एक अक्षर लिहिलेलं नाही. मागची सगळी पानं उलटून पाहिली. नाही. ती शाबूत आहे. तिचं नाव बॉलपेनाने हातावर लिहिलं आहे. दोन दिवस काढायचे.

२३ डिसेंबर

पेन बाईंकडे. कुलपात. किल्ली त्यांच्या गळ्यात. झोपून राहिलो. उजवा हात आपोआप हलतो — चादरीवर — अक्षरं गिरवतो.

२४ डिसेंबर

दुपार. बाई चर्चमध्ये गेल्या, नाताळची तयारी. गाडी आली असेल. डोळे मिटतात. ती येईपर्यंत जागं राहायचं, म्हणून तिचं लिहीत राहतो, म्हणजे समोर आली की —

आरती. माझी मुलगी. एकुलती एक. उजव्या भुवईवर व्रण, झोक्यावरून पडली होती, मी तिला उचलून दवाखान्यात पळालो होतो. पावसात छत्री विसरते. हसताना डोळे मिटते. चालायला शिकली तेव्हा माझ्याच बोटाला धरून, अंगणभर. दहावीच्या निकालाला आधी मला मिठी मारली, मग आईला. चहात साखर दोन चमचे. मला बाबा म्हणते, नुसतं बाबा

किती सुंदर उमटतंय. खरखर नाही, निब कशी

निब

बाईंचं कुलूप तुटलेलं आहे. माझ्या नखांना रक्त — मी कधी — देवा, हे सगळं मी ह्या —

बॉलपेन कुठे आहे. पुन्हा लिहितो. बॉलपेनाने. आधी नाव. तिचं नाव. हातावर होतं. हात घामाने

दार वाजतं आहे. बाहेर एक मुलगी उभी आहे, बाबा, बाबा म्हणून हाका मारते आहे. रडते वाटतं. बिचारी घर चुकली असावी. उठून तिला सांगायला हवं, की इथे कुणी