लवंगेची दुसरी वाट

सेव्हिल, ३ मार्च १५१८

चि. ब्रियोलांजास तुझ्या भटक्या भावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

न सांगता लिस्बन सोडलं म्हणून तू धुसफुसत असशील. पण ऐक. बारा वर्षं आफ्रिकेला वळसा घालून आपल्या राजाची जहाजं हाकली, दोन बोटं गमावली, आणि पश्चिमेच्या वाटेसाठी एक गलबत मागितलं तर दरबारात हसले. म्हणाले, पूर्वेची वाट आमच्या मुठीत आहे, दुसरी हवी कशाला? इथल्या स्पॅनिश लोकांना नेमकी दुसरीच हवी आहे. पूर्वेकडून आपण त्यांना फिरकू देत नाही, म्हणून त्यांना उलट्या बाजूने लवंगेच्या बेटांवर पोचायचं आहे. तीन जहाजं निघतील. एकाचं सुकाणू माझ्या हाती, मी तांडेल.

नकाशे मी चोरले नाहीत. डोक्यात आहेत ते कुठे ठेवू? पाय एका जागी ठरत नाहीत. आईला सांभाळ.

तुझा,
लोपोदादा

लिस्बन, २ एप्रिल

ती. लोपोदादास शि. सा. न. वि. वि.

आईने अंथरूण धरलं आहे. रोज तुझं नाव घेते. आपले कृपाळू महाराज तुला माफ करायला तयार आहेत, जहाजही देतील. तू ताबडतोब परत यावंस. उशीर करू नये.

आपली आज्ञाधारक भगिनी,
ब्रियोलांजा

लिस्बन, ५ एप्रिल

दादा, सा. न.

मागचं पत्र माझं नाही. दरबारचा एक अधिकारी माझ्या स्वयंपाकघरात बसून एकेक शब्द सांगत होता. ‘लिहिलं नाहीस तर तुझ्या नवऱ्याची बंदरातली नोकरी गेली समज,’ म्हणाला. मी लिहिलं. माझी मलाच लाज वाटते.

आई ठणठणीत आहे. काल सहा सार्डिन मासे खाल्ले आणि मीठ कमी म्हणून मला बोलली. शेजारीपाजारी तुला फितूर म्हणतात, तेव्हा त्यांच्यावरही तोंड टाकते. येऊ नकोस. यांना तू हवा आहेस असं नाही, फक्त तू स्पेनला मिळू नयेस एवढंच हवं आहे. आलास तर कोठडीत जाशील. लोकरवाला गिल सेव्हिलला निघालाय, त्याच्या हाती हे देते. भीती एवढीच, की पहिलं पत्र सरकारी घोड्यावरून गेलंय.

लोभ आटू देऊ नकोस.
ब्रियो

बादाहोस, १४ एप्रिल

चि. ब्रियोस अनेक आशीर्वाद.

पहिलं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी खेचर भाड्याने घेतलं. इथल्या धर्मशाळेच्या दारात उभं राहिलं की सरहद्दीपलीकडचा आपला एल्वासचा किल्ला दिसतो. आज सकाळी खोगीर कसत होतो, तेवढ्यात गिल समोरून आला. मला बघून आधी शिव्या घातल्या, मग तुझं पत्र दिलं. अर्ध्या दिवसात मी त्यांच्या हातात पडलो असतो.

तू लाजू नकोस. नवऱ्याला, घराला जप. मला शिव्या घालाव्या लागल्या तर चारचौघांत खुशाल घाल.

एक कबूल करतो. आई बरी आहे हे वाचून डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण आधी मनात आलं ते हे, की आता जहाज चुकणार नाही. खेचर तिथेच वळवलं.

आईला यातलं काही सांगू नकोस. आठवण काढतो, एवढंच सांग. तेही खोटं नाही.

तुझ्या मायेचा धनी,
लोपो