थांबू पाहणारा हात

प्रिय इंद्रजित,

प्रादेशिक विमानसेवेच्या भावी सहवैमानिकास माळेगावच्या या विमानशिक्षक मातुलाचे सविनय अभिवादन. हेलिकॉप्टररूपी भिंगरी त्यागून तू सपंख वाहनात पदार्पण करीत असल्याचा फलक चौकात लागला असून त्यावर तुझ्यापेक्षा माझेच छायाचित्र विशाल आहे. पिंपळीत तुझ्या मातोश्री, म्हणजे आमची प्रयागआक्का, मला बजावते, "पोराच्या पहिल्या फेरीला खिडकीपाशी म्या बसणार. विज्या, तू बस मागं, तुझी उडायची हौस फिटलीया!"

सभांच्या हंगामात तू पुढाऱ्यांना घेऊन कोऱ्हाळ्याच्या रानात उतरायचास. समोरचे दिसेनासे झाले की वेग तोडायचा, हवेत थांबायचे, जागा हेरून अलगद टेकायचे. हेलिकॉप्टरवाल्याचा हा परमधर्म. त्यानेच तुला आजवर राखले. विमानास मात्र थांबणे ठाऊक नाही. वेग गेला की पंख म्हणजे निव्वळ पत्रा.

गेल्या महिन्यात बारामतीहून आपण सरावाला उडालो, तेव्हा पेटवलेल्या पाचटाचा धूर आडवा आला. नियंत्रणदांड्यावरचा तुझा हात आपसूक मागे आला, विमानाचे नाक वर गेले, वेग घटल्याच्या इशाऱ्याचा भोंगा केकाटला. मी दांडा पुढे लोटला. "जुनी खोड हाय मामा, जाईल," म्हणालास, आणि मीही खोडीवर एक सुभाषित रचून मोकळा झालो. परवा इंदापूरकडे, उजनीच्या जलाशयावरच्या धुक्यात, तेच पुन्हा घडले. या वेळी मी दांडा पुढे लोटत होतो आणि तू सर्व बळाने मागे ओढत होतास. विमान खाली बसत होते, पाणी जवळ येत होते. उतरल्यावर विचारले, तर तू निरागसपणे म्हणालास, "मी कुठं ओढलं?" तेव्हापासून मला एकही सुभाषित सुचलेले नाही.

सोमवारी तुझी अंतिम चाचणी. चाचणीत काय येणार हे आधीच ठाऊक असते, अवचित काही नाही; तिथे ही खोड दिसणारच नाही. तू सहज उत्तीर्ण होशील, हीच माझी भीती. म्हणून आज सकाळी तुझ्या परीक्षक कॅप्टनना फोन करून दोन्ही प्रसंग सांगितले. चाचणी स्थगित झाली आहे, कदाचित कायमची. हे तुला परक्याकडून कळू नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. आक्काला सांगण्याचे धैर्य मजजवळ नाही. तू माझे नाव टाक, उंबरा टाळ, सारे शिरोधार्य. फक्त हे लपवून दुसऱ्या कंपनीत जाऊ नकोस. तिथे कुणाला फोन करायचा, मला ठाऊक नाही.

तू नाकारलेस तरी तुझाच,
विजयमामा