आतली जागा

३ फेब्रुवारी, सोमवार

मालकांना स्क्रीन मोठा हवा! गाणी ऐकायच्या प्लेअरचा आकार तोच, जाडी तीच. म्हणजे जागा आतून काढायची. बोट थेट माझ्या सर्किट बोर्डवर — "हे दोन-दोन कशाला?"

ते दोन म्हणजे वीज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर. एक स्क्रीन आणि मेमरीसाठी, एक फक्त आवाजासाठी. एका नळावर दोन बिऱ्हाडं ठेवली की कुरबुर सुरू होते, म्हणून अकरा वर्षं मी वेगळे नळ देत आले. मालक म्हणाले, "लोक स्क्रीन बघतात, बाई. तुमचे नळ कोण बघतंय?"

शुक्रवारी, चौदाला, बोर्ड छपाईला जाणार. त्याआधी फरक कानाला ऐकवून दाखवायचा, नाहीतर एकच नळ. मीटरवरचे आकडे त्यांना नकोत. "आकडे गिऱ्हाईक ऐकत नाही."

बरं. ऐकवते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन नमुने तयार. बाहेरून जुळे. आत एकात माझे दोन रेग्युलेटर आणि विजेतले हेलकावे शोषणारे, निवडून घेतलेले कपॅसिटर. दुसऱ्यात एकच रेग्युलेटर, कपॅसिटर बाजारात मिळतील ते. ओळखायला तळाशी ठिपके — निळा माझा, पिवळा मालकांचा.

सोल्डरिंग मावशींनी केलं. माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, पण त्यांना सगळेच मावशी म्हणतात. भिंगाखाली त्यांचा हात बघत राहिले. थेंब मोहरीएवढासुद्धा नाही, आणि काय चकाकतो! म्हणाल्या, "कोणता जिंकायला हवाय ते सांगा, त्याला जरा जास्त जीव लावते."

नको म्हटलं. दोघांना सारखा लावा.

५ फेब्रुवारी, बुधवार

मालक, विक्रीवाला, मावशी — तिघांना डोळे मिटून एकच गाणं ऐकवलं. तिघांनीही पिवळा निवडला! मावशींनीसुद्धा!

विक्रीवाला म्हणाला, "याच्यात दम आहे."

डबा तसाच घरी आणला. नवऱ्याने झाकण उघडून बघितलं. "हरलीस वाटतं?"

६ फेब्रुवारी, गुरुवार

मूर्ख मी! पिवळा किंचित मोठा वाजत होता. मीटर लावला — अर्धा डेसिबल. मोठं वाजेल ते कानाला चांगलं वाटतं, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवते कोण? मी.

दोघांचा आवाज समान केला. पुन्हा बैठक. आता मालक निळा म्हणाले, विक्रीवाला पिवळा. मावशी म्हणाल्या, "मला दोन्ही तुमचेच वाटतात." तिघांनी पाच-पाच वेळा ऐकलं, दर वेळी उत्तर वेगळं. छापा-काटा.

मग मी बसले. मलाही गाण्यात फरक सांगता आला नाही. हे कुणाला बोलले नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नणंद राहायला आली. ग्रंथालयात काम करते. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. दोन्ही प्लेअर तिच्या हातात दिले. वापरून बघ, कोणता बरा ते सांग.

"गाणं कोणतं लावू?"

"आवडेल ते."

"मग कुठलंच नाही!"

नवरा पेपरामागून म्हणाला, "टकल्याला कंगवा देतेयस." तिने त्याच्यावर उशी फेकली. पेपर फाटला. खूप दिवसांनी तिघं एकत्र हसलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुपारी नणंदेचा फोन.

"वहिनी, तो पिवळा परत घेऊन टाक. सूं सूं करतो."

कोणत्या गाण्याला?

"गाणं कुठलं! बसमध्ये शेजारची बाई बोलायला लागते, म्हणून नुसतं कानात घालते. चालू करून. स्क्रीन पेटलेला दिसला की गप्प बसते ती. तर हा पिवळा सारखा कुजबुजतो. निळ्याचं बरं आहे, चालू आहे की बंद तेच कळत नाही. निळा ठेवू का मी?"

मी खुर्चीत बसले. आम्ही आठवडाभर गाण्यात शोधत होतो! गाणं सगळं झाकून टाकतं. स्क्रीनने वीज ओढली की त्याची कुरबुर आवाजात उतरते, पण ऐकू येते ती गाणं नसताना — सुरू होण्याआधी, दोन ओळींच्या मधे. चांगला रेग्युलेटर काही करत नाही. गप्प बसतो. त्याचं काम तेवढंच.

निळा ठेव म्हटलं. बुधवारनंतर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मालकांना खुर्चीत बसवलं. गाणं नाही. मावशी त्यांच्या पाठीमागे. कधी निळा जोडणार, कधी पिवळा, कधी बंद ठेवलेला. मालकांनी फक्त सांगायचं — चालू की बंद.

पिवळा दहा वेळा जोडला. दहाही वेळा "चालू". निळ्याला एकदाही नाही! मग विक्रीवाला बसला. त्याची एकच चूक झाली, तीही शिंकल्यामुळे.

मालकांनी इअरफोन काढले. रुमालाने पुसले. नीट गुंडाळून ठेवले.

"म्हणजे बाई, आपण लोकांना बंद वाटणारी वस्तू विकतो."

"हो."

"हे गिऱ्हाइकाला कसं सांगायचं?"

विक्रीवाला म्हणाला, "सांगायचं नाही. कानात घालायचं आणि गप्प बसायचं."

मालक बराच वेळ हसले. मग म्हणाले, स्क्रीन आहे तेवढाच राहू दे.

मावशींनी पाठीत धपका घातला. अजून दुखतंय. छान दुखतंय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बोर्ड छपाईला गेला. दोन नळ.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अर्धा दिवस. टेबल आवरताना पिवळा हाताशी आला. मालकांनी ऐकलं, विक्रीवाल्याने ऐकलं, नणंदेने ऐकलं. मी ती सूं सूं स्वतः ऐकलीच नव्हती. कानात घातला, चालू केला. स्क्रीन पेटला. आवाज शेवटापर्यंत वाढवला. डावा कान, उजवा कान. काहीच नाही. मीटर लावला — सूं सूंचा आकडा स्पष्ट दिसत होता.

मावशींना हाक मारली. त्यांनी एकच इअरफोन उचलला, कानाजवळ नेला. कानात घातलासुद्धा नाही.

"चालू आहे की, बाई."