ताकदीची सुई

९ जानेवारी १९७३, मंगळवार

टोचून आले. ताकदीची सुई म्हणे! पुण्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. काखेतली गाठ माझी, हात माझा, शीर माझी — आणि "बाईंना जरा बाहेर बसवा." मी चौथीचा वर्ग सांभाळते. माझ्या नुसत्या बघण्यानं सगळी पोरं चिडीचूप होतात. आणि मला बाहेर बसवा!

नवऱ्याला विचारलं, काय म्हणाले? "काय न्हाई. अशक्तपना हाय. दर मंगळवारी ताकदीची सुई घ्यायची." लिंबाएवढी गाठ अशक्तपणानं येते होय? वाटेतलं सुपा गाव येईपर्यंत एस.टी.च्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. हे. मी नव्हे.

१४ जानेवारी

संक्रांत. जबडा असा ठणकतोय की तिळगूळ चावेना. बायका हळदीकुंकवाला आल्या, मी लाडू हातात धरून नुसती बसून. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सनासुदीचं त्वांड पाडून बसू नगं, ग्वाड बोल." गोड बोलू! आधी तोंड उघडू दे!

पोटही गच्च झालंय. एरंडेल घेतलं, उपयोग शून्य. हे सगळं त्या सुईचं का? विचारू कुणाला?

१६ जानेवारी

विचारलंच. डॉक्टरांनी मानसुद्धा वर केली नाही. "होतं असं. पाणी भरपूर प्या."

भरपूर पाणी! यंदा! गावच्या विहिरीत पोहरा टाकला तर खडखड वाजतो. टँकर आला की आत्याबाई भांडून दोन हंडे आणतात, त्यात माणसं आणि म्हैस. डॉक्टरांना एकदा टँकरपुढे उभं करायला हवं. हातात घागर देऊन.

२३ जानेवारी

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी गोजरबाई म्हणून एक म्हातारी असते. तिकडे वर राजूरची. डोक्याला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, मला ताकदीची सुई देतात. तर अशी हसली! "कसली ताकद, बाय? क्यान्सरची सुई ती. ह्या समद्या बाकाला तीच. केस जात्यात, बोटं बधिर हुत्यात, पायात चप्पल ऱ्हात न्हाई. सुई सपली की येतंय समदं माघारी. पन मदीच सोडायची न्हाई बरं."

कॅन्सर.

एका परक्या बाईनं मिसरी चोळता चोळता सांगितलं. आणि ज्यानं माझ्या गळ्यात मणी बांधले तो मला ताकद देतोय! नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. घेते. बघू काय होतं. रंगनाथ, तू खोटारडा आहेस. रंगनाथ, रंगनाथ, रंगनाथ.

२५ जानेवारी

विचारलं त्यांना — कधीपासून ठाऊक होतं? "पयल्यापासनं." मग? "डॉक्टर म्हनले सांगू नका, धीर सुटंल त्यांचा." आणि रडायलाच लागले. रडायचं मला होतं! शेवटी मीच उठून पाणी आणून दिलं. 

त्यांना माझी काळजी आहे हे दिसतं. पण मला काळजी नको होती, खरं हवं होतं. खरं सांगितलं असतं तर मीसुद्धा रडले असते, आणि मग दोघांनी मिळून काहीतरी ठरवलं असतं. आता त्यांचं कुठलंच बोलणं खरं वाटत नाही.

५ फेब्रुवारी

केस. फणीत नाही, मुठीत येतात. आत्याबाईंनी मढीच्या कानिफनाथाला नवस बोलला. मला म्हणाल्या, "केस आलं की तुला घेऊन जाईन." मी म्हटलं, नाथांना विचारा की डॉक्टरांनी हे आधी का सांगितलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात जरा शांतता.

१३ फेब्रुवारी

आज सुई शिरेबाहेर गेली. मनगटापासून वर आग आग झाली. ओरडले तेव्हा काढली. सिस्टर म्हणते, "तुम्ही हात हलवला असेल." हो ना! माझाच हात, माझाच दोष. आता तिथं लाल सुजलंय, चटका बसल्यासारखं.

१६ फेब्रुवारी

फळ्यावर गणित घालताना खडू निसटला. उचलला, पुन्हा निसटला. पोरं हसली नाहीत, ते जास्त लागलं.

घरी भाकरी उलटताना बोट तव्यावर टेकलं. वास आला तेव्हा कळलं! फोड आला पण दुखत नाही. पोलक्याची हूकं लागत नाहीत, बोटांत धरली की नाही तेच समजत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "आन, मी लावती." नको! वर्गभर पोरांची गणितं तपासणारी बाई मी, सासूकडून हूकं लावून घेऊ? जुनं सैल झंपर काढलं. डोक्यावरून चढतं. कुणाचे उपकार नकोत.

२६ फेब्रुवारी

गाठ गेली!

अंघोळीला बसले आणि काख चाचपली. उजव्या हातानं, चांगली दाबून, वर-खाली, मागेपर्यंत. काही नाही. साबण धुऊन पुन्हा बघितलं. काहीसुद्धा नाही! मोरीतच हसले. मग रडले. आत्याबाईंनी बाहेरून विचारलं, "पडलीस का काय?"

मग आता कसली सुई? उद्या जाणार नाही. केस दिले, बोटं दिली, जबडा दिला. पुरे झालं.

२७ फेब्रुवारी

गेले नाही. घरात रणकंदन. ह्यांचं एकच, "डॉक्टर म्हनलेत पुरं करायचं." किती पुरं? "त्येवडं न्हाई सांगितलं." सांगितलं नाही! कुणी कुणाला काही सांगतच नाही या दवाखान्यात! मी म्हटलं, गाठ गेलीय, माझ्यावर विश्वास नसेल तर लावा हात, बघा. ओसरीवर आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. हे कानापर्यंत लाल. खाली बघत म्हणाले, "तू म्हनतीस तर गेली आसंल." चपला घातल्या आणि दुष्काळी खडीच्या कामावर मजुरांची हजेरी घ्यायला गेले.

बायकोच्या काखेला हात लावायची लाज वाटते. खोटं बोलायची नाही वाटली!

गोजरबाई आज बाकावर एकटी बसली असेल. ती म्हणाली होती, मध्येच सोडू नको. पण तिची गाठ असेल अजून. माझी गेली.

१३ मार्च

मंगळवार. पुन्हा गेले नाही. पोटभर जेवले. 

२५ मार्च

डोक्यावर लव आलीय, लहान बाळासारखी मऊ. तळव्यानं कळते. बोटांनी नाही. बोटं अजून लाकडाची. एवढी सुई सोडली तरी!

आत्याबाई मढीच्या तयारीला लागल्या. नवस फेडायचा म्हणतात. मी म्हटलं, नाथांचं काय काम, मी भांडले म्हणून सुटले. आज पहिल्यांदा ह्यांच्याशी दोन शब्द नीट बोलले.

४ एप्रिल

पाडवा. ह्यांनी नवं पोलकं शिवून आणलं, पुढून हूकांचं. आज हट्ट केला नाही, आत्याबाईंपुढे उभी राहिले. काखेत कापड चिमटत होतं म्हणून त्यांनी आत हात घालून ओढलं. हात तिथंच थांबला. "रतन, ही हाय की गं हितं. सुपारीयेवडी. कडक."

मी म्हटलं, नाही. त्यांनी माझं बोट धरलं आणि तिच्यावर टेकवलं.

माझ्या बोटाला काहीच लागलं नाही.