सात ओळींत एकशे शहाऐंशी नकाशे

१८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मामींनाही सांगा. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो असं आईकडून कळलं, बरं वाटलं. आई ठणठणीत आहे. नवा चष्मा डोक्यावर ठेवून तोच घरभर शोधत असते. लेकीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि ती अभ्यास सोडून बाकी सगळं मन लावून करते आहे.

पत्र टाइप केलेलं पाहून तुम्ही कपाळाला आठ्या घातल्या असतील. घरच्या माणसाला पत्र हातानंच लिहावं, असं तुम्ही म्हणायचात. त्याबद्दल पुढे सांगते. एकोणीस वर्षांनी लिहिते आहे, एवढं चालवून घ्या.

आधी बातमी. परवापासून मी आपल्या ऑफिसच्या नकाशा विभागाची प्रमुख झाले. तुमच्या जागेवर. तुमचं उतरतं टेबल केव्हाच गेलं, पण खोली तीच आहे आणि खिडकी अजून वर उचलूनच उघडावी लागते.

हे कसं घडलं ते पहिल्यापासून सांगते, कारण आईनं फोनवर सांगितलं तर ती अर्धं विसरेल आणि अर्धं वाढवेल.

सहा महिन्यांपूर्वी नवे साहेब आले. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हुशार, पण शिस्तीचे भोक्ते. आल्या आल्या त्यांनी नकाशे काढायचा प्रोग्राम बदलला. तुम्ही कॉम्प्युटरवर कधी काम केलं नाहीत म्हणून सांगते. रेघ मारायची तर दोन वाटा असतात. एक म्हणजे पडद्यावर वरच्या बाजूला शेंगदाण्याएवढी चित्रं असलेली बटणं असतात. माउस नेमका त्यावर न्यायचा, दाबायचं, मग सेटिंगच्या खिडकीत आणखी चार ठिकाणी दाबायचं. दुसरी वाट म्हणजे पडद्याच्या तळाशी एक रिकामी ओळ असते. तिथे कमांड टाइप करायची. रेघेचं अक्षर, अंतर, कोन, एंटर. रेघ पडली. मी पहिल्यापासून दुसऱ्या वाटेची. माझा डावा हात बटणांच्या चित्रांकडे न बघता निम्मा नकाशा काढतो.

साहेबांनी सगळ्यांच्या पडद्यावरून ती ओळच काढून टाकली.

"नव्या लोकांना त्या ओळीची भीती वाटते," ते म्हणाले. "चित्र बघा, बटण दाबा. सगळ्यांचे पडदे एकसारखे दिसले पाहिजेत. जुन्या सवयी सोडा."

मग त्यांनी चाचणी घेतली. सहा जणांना एकच नकाशा, एकच वेळ, फक्त बटणांनी काढायचा. मी शेवटची आले. शेवटची म्हणजे कशी, तर पाचवा माणूस चहा पिऊन परत आला तेव्हा माझा जिना अजून अर्धा होता. नको ते बटण दाबलं जायचं, पुसायचं, पुन्हा दुसरंच दाबलं जायचं. साहेब मागे येऊन उभे राहिले की आणखी बिघडायचं. सवय नव्हती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला शांतपणे सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तुम्ही खाली छपाईच्या खोलीत बसा, नकाशांच्या प्रती काढायच्या आणि फायली लावायच्या. वीस वर्षं नकाशे काढलेल्या बाईला. मी "बरं" म्हणाले आणि माझे डबे, पट्ट्या पिशवीत भरायला लागले.

(इथवर काल लिहिलं. पुढचं लिहायला धीर होईना म्हणून उठून कपाट आवरलं. आज परत बसले आहे.)

मामा, सवयीचा प्रश्न नव्हता. माझा हात थरथरतो.

उजवा. दोन वर्षं झाली. स्वस्थ बसले की काही नाही, पण बारीक काम करायला घेतलं की सुरू होतो, आणि कुणी बघत असलं की जास्तच. यांना सांगितलं नव्हतं, आईला नाही, ऑफिसात तर नाहीच. कमांड टाइप करण्यात ते झाकलं जायचं. बोट जरा हललं तरी अक्षर तेच उमटतं. हे पत्रही म्हणूनच टाइप केलं. ती ओळ गेली आणि माझं पांघरूण गेलं.

डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनी तपासून सांगितलं, जिवाला धोका नाही, पण हे घराण्यात चालत येतं. "तुमच्याकडे आणखी कुणाचा हात असा होता का?" मी लगेच "नाही" म्हणाले.

बसमध्ये बसल्यावर तुम्ही आठवलात. कप दोन्ही हातांनी धरणारे. शेवटच्या वर्षी शाईच्या सगळ्या रेघा मला मारायला लावणारे, "मला कंटाळा आलाय गं बारके, तूच ओढून टाक" म्हणणारे. आणि ऑफिसात पहिले कॉम्प्युटर आले त्याच आठवड्यात, शाळेच्या इमारतीचे नकाशे द्यायचे असताना, पेन ठेवून निघून गेलेले. सगळे म्हणाले, म्हातारा मशीनला घाबरून पळाला. मी तर आईच्या घरी, सगळ्यांच्या देखत तुमच्या तोंडावर म्हणाले, पळपुटे आहात तुम्ही, मला तोंडघशी पाडलंत.  चपला घातल्या आणि गेलात. त्यानंतर कितीदा समोर आलो, पण "बरं आहे ना" याच्या पुढे आपण सरकलो नाही.

तुम्ही घाबरला होतात हे खरं असेल. पण मशीनला नव्हे. हे मला कळायला माझाच हात हलावा लागला.

आता पुढचं ऐका, ते चांगलं आहे.

मी खाली जायला चार दिवस उरले होते. आमच्याकडे एका मोठ्या हॉस्पिटलचं काम आहे. सोमवारी सकाळी साहेब पडलेल्या चेहऱ्यानं आत आले. रस्ता रुंद होणार म्हणून इमारत साडेचारशे मिलिमीटर आत घ्यायची होती. जागेची हद्द आहे तिथेच, बाकी सगळं सरकवायचं. पाया, खांब, भिंती, पाइप, वीज, सगळ्यांचे मिळून एकशे शहाऐंशी नकाशे. बुधवारी सकाळी खोदाईचं यंत्र जागेवर येणार. साहेबांनी हिशेब मांडला. एक नकाशा उघडा, सेटिंगमध्ये जाऊन हद्दीच्या रेघांचा थर, म्हणजे लेयर, कुलूपबंद करा, बाकीचं निवडा, सरकवा, जतन करा. तपासणी धरून प्रत्येकी सव्वा तास. सहा माणसं रात्रंदिवस बसली तरी चुका होणारच.

 मी म्हणाले, "मला ती ओळ परत द्या. दुपारपर्यंत करते."

कुणीतरी हसलं. साहेब नाही हसले. "कसं?" एवढंच विचारलं.

"जे टाइप करायचं ते एका साध्या फाइलीत ओळीनं लिहून ठेवता येतं. मशीन ती फाइल वाचतं आणि एकेक नकाशा उघडून तेच करतं. बटणाला हे सांगता येत नाही, बटण दाबायला माणूस लागतो."

सात ओळी लिहिल्या, मामा. हद्दीला कुलूप लाव, सगळं निवड, इतकं सरकव, जतन कर, असं. लिहायला दहा मिनिटं लागली आणि तपासायला दीड तास, कारण त्यात एक रिकामी जागा जास्त पडली तरी मशीन तिला एंटर समजतं आणि भलतंच करून बसतं. आधी सगळ्या नकाशांची प्रत काढली आणि प्रतीवर चालवून पाहिलं. अकरा नकाशांत हद्दही सरकली. ते अकराही उघडून पाहिले. मग सापडलं. कुणीतरी त्या अकरांत लेयरचं नाव वेगळं लिहिलं होतं. नावं सुधारली. मग खऱ्या फायलींवर चालवलं.

सगळे माझ्या मागे उभे होते. नकाशे आपोआप उघडत होते, सरकत होते, मिटत होते. माझे दोन्ही हात मांडीवर होते. बारा वाजून वीस मिनिटांनी शेवटचा मिटला.

साहेबांनी मनाला येतील ते पंधरा नकाशे उघडले आणि स्वतः मोजले. प्रत्येक ठिकाणी साडेचारशे. एक मिलिमीटर इकडेतिकडे नाही. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. "हे येत होतं तर चाचणीत असं का झालं?"

मी उजवा हात टेबलावर काढून ठेवला. ते बघत होते म्हणून तो हललाच. "म्हणून," मी म्हणाले. सगळ्यांसमोर. मला वाटलं होतं जमीन दुभंगेल. काही झालं नाही. पाचव्या नंबरचा माणूस म्हणाला, "मग आधी सांगायचं ना ताई, आम्हाला वाटलं तुम्ही मुद्दाम अडून बसलाय."

 साहेब म्हणाले, "ओळ मी काढली, चूक माझी." संध्याकाळच्या आत ती सगळ्यांच्या पडद्यावर परत आली. बटणंही आहेत. ज्याला जे सोसेल ते त्यानं वापरावं. आता दर शनिवारी मी सगळ्यांना कमांड शिकवते आणि साहेब पहिल्या रांगेत वही घेऊन बसतात. बुधवारी जागेवर चुन्याच्या रेघा आखल्या, तेव्हा मला मुद्दाम नेलं. खोदाईचं यंत्र माझ्या आकड्यांवर चाललं. छपाईच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि परवा साहेबांनी नकाशा विभागच माझ्या हाती दिला.

घरी त्याच दिवशी सगळं सांगितलं. हे म्हणाले, मला दोन वर्षांपासून माहीत आहे, तू सांगायची वाट बघत होतो.

मामा, मी जे बोलले ते चुकीचं होतं, आणि सगळ्यांच्या देखत बोलले. आईच्या घरी सगळ्यांना पुन्हा बोलावून, सगळ्यांच्या देखतच माफी मागणार आहे. पण आधी तुमची मागते.

रविवारी येते आहे, नको म्हणू नका. कॉम्प्युटर बरोबर आणते. शाळेच्या इमारतीच्या दर्शनी भागाचा तुमचा नकाशा अर्धाच राहिला होता, तो मी जपून ठेवला आहे. तुम्ही आकडे टाइप करा. हात कितीही हलू द्या, मामा, रेघ सरळच येते. मी करून पाहिलं आहे.

तुमच्याकडूनच शिकलेली,
बारकी