पासो गार्साच्या पनवतीची निरवानिरव

मी, निकानोर इतुर्बे, वय वर्षे शहात्तर, धंदा जोडे शिवणे व दुरुस्त करणे (सध्या बंद), राहणार पासो गार्सा, धक्क्याकडची गल्ली, हे मृत्युपत्र आज रविवारी दुपारी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे कामातून गेली आहेत, पाय सुजून भोपळ्यासारखे झाले आहेत आणि ईस्टरपासून मी उभा राहिलेलो नाही. डॉक्टर हल्ली माझ्याऐवजी भिंतीशी बोलतात. पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे माझी पत्नी आम्पारो हिला दिले होते. ती माझ्या आधी गेली, तेव्हा ते रद्द समजावे.

आजच का लिहायला बसलो तेही नोंदवून ठेवतो. या घडीला दोन गल्ल्या पलीकडे आमचा स्पोर्तिवो क्लब सान एलिसेओच्या देफेन्सोरेस क्लबशी मोसमातला शेवटचा सामना खेळत आहे. जिंकलो तर तिसऱ्या वर्गात राहू. हरलो तर खाली, आणि बरोबरी झाली तरीही खाली, कारण मग ते तरतील. खाली म्हणजे जिल्ह्याची लीग, जिथे मैदानावरची गुरे हाकलून सामना सुरू करतात. मांसाचा कारखाना बंद पडला, आगगाडी यायची थांबली. वर्तमानपत्रात आमच्या गावाचे नाव आता फक्त सोमवारी, गुणतक्त्यात छापून येते.

मला हा सामना पाहायला बंदी आहे. रेडिओवर ऐकायलाही बंदी आहे, आणि शक्यतो विचारही करू नये अशी विनंती क्लबच्या समितीने केली आहे. कानात कापसाचे बोळे घातले आहेत, खिडकी बंद आहे. विचार न करणे हे काही मला बसल्या बसल्या जमत नाही, म्हणून मनाला या कामाला जुंपले आहे.

कारण असे की मी पांढऱ्या पायाचा आहे. हे माझे म्हणणे नाही, गावाचे आहे. प्रेक्षागृहाच्या नव्या पत्र्यांची फीत मी कापली आणि त्याच रात्री वादळाने पत्रे नदीत नेले. मी नवे तळ लावून दिलेले जोडे घालून गोलरक्षक उतरला आणि पहिल्याच उडीत त्याची नडगी मोडली. तरी मंडळींनी हौसेने अंतिम सामन्यात चेंडूला पहिली लाथ मारायला मलाच बोलावले. त्या सामन्याबद्दल गावात अजून कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी डेल्फोर न्हाव्याने दुकानात भरल्या खुर्च्यांसमोर मला ‘पनवती’ म्हटले. सगळे हसले. आठवडा संपेपर्यंत कोणी हसेनासे झाले.

तेव्हापासून मी समोरून आलो की पुरुष डावा हात पँटच्या खिशात घालतात. तिथे काय धरतात ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही. माझे नाव कोणी घेत नाही. मला सगळे ‘मास्तर’ म्हणतात आणि तेही घाईत. नाव घेणाऱ्या दोघीच. एक आम्पारो होती, दुसरी रामोना, जी आत्ता माझ्या पलंगाशेजारी बसून भोपळा सोलते आहे.

आता वाटणी.

कलम पहिले. राहते घर, मागची लिंबाची झाडे आणि विहीर रामोना आकुन्या हिला द्यावी. ती माझी कोणी लागत नाही. आम्पारो गेल्यापासून ती मला सूप भरवते, पाय धुते आणि मी कुरकुर केली तर गप्प बसायला सांगते. हे ज्याच्या हातून होते तोच वारस, असे मी धरून चालतो. तिचा मुलगा इस्माएल स्पोर्तिवोचा कप्तान आहे. त्याला खेळताना पाहिले की तिच्या छातीत कळ येते, म्हणून ती मैदानावर जात नाही. तिच्या कानात मात्र कापूस नाही.

कलम दुसरे. आरी, रापी, हातोड्या, जोडे चढवायचे लाकडी कलबूत आणि मेणाचा डबा इस्माएलला द्यावा. सगळ्या खेळाडूंनी आपले जोडे शहरात शिवायला पाठवले तेव्हा हा एकटा मागच्या दाराने माझ्याकडे यायचा. मी म्हणायचो, “अरे, कोणी पाहील.” तो म्हणायचा, “पाहू दे. टाका तर तुमच्यासारखा कोणाचा नाही.” या मोसमात मीच त्याला शहरातून नवे जोडे घ्यायला लावले. त्याला राग आला. पण विषाची परीक्षा कशाला?

हे लिहीत असताना टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरले. आमच्या गावचे ढोल वाजले की असे थरथरते. रामोनाने क्रूसाची खूण केली. मी काहीही विचार केलेला नाही, हे इथे नमूद करतो.

कलम तिसरे, डेल्फोर न्हाव्याबद्दल. पनवती म्हटल्यापासून याने माझ्या डोक्याला हात लावलेला नाही. माझे केस आम्पारोने कात्रीने कापले, आणि ते कसे कापले गेले हे गावाने पाहिले आहे. वस्तरा लावायचा माझा कातडी पट्टा, ज्यावर त्याचा कधीचा डोळा आहे, तो डेल्फोरला द्यावा. मात्र अट अशी की माझ्या प्रेताची दाढी त्याने स्वतः, दोन्ही हात वापरून करावी. एक हात खिशात ठेवून केलेली दाढी ग्राह्य धरू नये.

कलम चौथे. पुतण्या फाब्रिसिओ, राहणार रोसारिओ, याला भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते बंद आहे. तोही इकडे फिरकलेला नाही, तेव्हा फिटंफाट. पतसंस्थेत काही शिल्लक निघाली तर तिच्यातून कफनाचा खर्च करून उरेल त्याच्या गोड पुऱ्या तळून गल्लीत वाटाव्यात. माझ्या घरच्या पुऱ्या लोक खातील की नाही, सांगता येत नाही.

रामोनाची सुरी थांबली. बराच वेळ थांबली. भोपळ्याची साल अर्धी लोंबत राहिली. पाणी स्थिर आहे. म्हणजे त्यांनीही एक घातला असावा. देवा, मी इथे नुसता पडून आहे, मी कोणाचे काय वाकडे केले?

कलम पाचवे, राखेबद्दल. हे कलम माझ्यासाठी बाकी सगळ्यांपेक्षा मोठे आहे.

आमच्याकडे क्लबच्या सभासदांची राख नदीकडच्या गोलामागे, गवताच्या पट्टीत पुरतात. आम्पारो तिथे आहे. मला मैदान बंद झाल्यावर ती दर सामन्याला एकटी जायची आणि परत आल्यावर टेबलावर मिठाची डबी, चमचे आणि ब्रेडचे तुकडे मांडून मला सगळे गोल दाखवायची. हरलेला सामना ती जेवणानंतर सांगायची, म्हणजे माझे अन्न अंगी लागेल. तिची राख पुरली ती सामन्याच्या मध्यंतरात, तिचीच तशी इच्छा होती. मी फाटकाबाहेर उभा होतो. आतून टाळ्या ऐकू आल्या त्यावरून समजलो की झाले.

मी तिच्याशेजारी जागा मागितली. समितीने नाही म्हटले. अध्यक्ष एवारिस्तो सोरिया गुरुवारी स्वतः समजूत काढायला आला. माणूस वाईट नाही. येर्बाच्या पानांचा कडू काढा आम्ही एकाच नळीने प्यालो. त्याने नळी आधी पुसली, पण प्याला. म्हणाला, “मास्तर, राग मानू नकोस. जिवंत आहेस तोवर घरी बस म्हटलं तर बसतोस. एकदा गोलामागे पुरलं की तुला उठवून बाहेर कसं काढणार?”

मग त्यानेच मार्ग काढला. आजच्या सामन्यापासून डोळे, कान आणि मन लांब ठेवायचे. ते पाळले आणि क्लब तरला तर माझी राख आम्पारोशेजारी. बुडाला, तर समिती पुन्हा बसेल. मी कबूल झालो. म्हणून लिहितो की माझी राख आम्पारोशेजारी पुरावी, तिच्या डाव्या बाजूला, कारण उजवीकडे झोपलो तर मी घोरतो असे ती म्हणायची.

इथे लेखणी थांबवावी लागली.

रामोना उठून उभी राहिली. तिने हात एप्रनला पुसले आणि बंद खिडकीकडे तोंड करून ओठ हलवू लागली. कानात कापूस असला तरी मला ओठांवर नाव वाचता आले. इस्माएल, इस्माएल. अख्खे मैदान तेच ओरडत असणार, म्हणजे पेनल्टी. मी पाण्याच्या पेल्याकडे पाहत राहिलो. आयुष्यात कुठल्या माणसाकडे पाहिले नसेल इतके त्या पेल्याकडे पाहिले. पाणी हलले नाही.

मग गल्लीतली कुत्री भुंकली, आणि गाव इतके सामसूम झाले होते की ती कापसातूनही ऐकू आली.

पुढचा मजकूर अंधार पडू लागल्यावर लिहीत आहे. एवारिस्तो आला होता, अजून इथेच आहे. टोपी हातात, गुडघ्यांना चिखल. कापूस मीच काढला. दोघांचा एक-एक गोल झाला होता. शेवटच्या क्षणाला पेनल्टी मिळाली आणि इस्माएलने चेंडू दांड्यावरून थेट नदीत घातला. आम्ही खाली गेलो.

रामोना शाल घेऊन निघाली तर एवारिस्तोने तिला दारात अडवले. इस्माएल कपडे बदलायच्या खोलीत आहे, दाराशी पोलीस आहेत, तो सुखरूप आहे. पण तिच्या घरापुढे गर्दी जमली आहे, कोणीतरी भिंतीवर काळा रंग ओतला आहे, आणि सान एलिसेओवाल्यांचे पैसे खाल्ले अशी आवई उठली आहे. आवई उठवणाऱ्यांत डेल्फोर पुढे आहे. एवारिस्तो म्हणाला की आपल्या बोलण्याला आज कोणी किंमत देत नाही, आणि उद्या हा पोरगा गावात राहू शकेल असे आपल्याला वाटत नाही. रामोना खुर्चीत बसली ती उठेना.

नंतर एवारिस्तोने दोन्ही हात माझ्या पलंगावर ठेवले. मोकळे, माझ्या डोळ्यांसमोर.

“निकानोर,” तो म्हणाला, “तू शब्द पाळलास. घरात होतास, खिडकी बंद होती, तरी आपण बुडालो. म्हणजे तू पनवती कधीच नव्हतास. इतकी वर्षं उगाच… आम्पारोशेजारची जागा तुझी. मी बघतो समितीकडे.”

आणि तो रडला. हे वाक्य ऐकण्यासाठी मी अर्धे आयुष्य वाट पाहिली होती. माझे नाव त्याच्या तोंडून इतके साधे निघाले की मलाही रडू आले. मी निर्दोष सुटलो होतो. आणि खुर्चीत रामोना हातातल्या शालीची टोके एकमेकांना बांधत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती.

मी तिच्या मुलासाठी काय करू शकतो? पळू शकत नाही, गर्दीसमोर उभा राहू शकत नाही, ओरडलो तर खोकला येतो. माझ्याकडे या गावात चालणारी एकच गोष्ट आहे. सबब मी पुढील कलम लिहितो.

कलम सहावे व शेवटचे. कलम पाचवे रद्द. मी, निकानोर इतुर्बे, पूर्ण शुद्धीत जाहीर करतो की पेनल्टीच्या वेळी मी कानातला कापूस काढला, पलंगावरून उठलो, खिडकी उघडली आणि मैदानाकडे पाहिले. मला राहवले नाही. इस्माएलचा पाय पक्का होता. चेंडू माझ्यामुळे वर गेला. बाकी कोणाचाही यात दोष नाही. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता आजच उतरवून बेकरीच्या दारावर आणि डेल्फोरच्या आरशावर लावावे. गावाला विश्वास ठेवायला त्रास पडणार नाही, सवय आहे.

माझी राख सान एलिसेओला न्यावी आणि देफेन्सोरेसच्या गोलात, जाळीखाली, कोणाला न सांगता टाकावी. लागू पडेल की नाही ते मला माहीत नाही. मलाच माझ्याबद्दल कधी कळले नाही. आम्पारोला कोणीतरी जाऊन सांगावे की मी येत नाही आणि जेवायला थांबू नये. मला याचे फार वाईट वाटते. ते लिहून ठेवतो, कारण याहून जास्त काही करता येत नाही.

हे मी दोघांना वाचून दाखवले. एवारिस्तोने पांघरुणाबाहेर आलेल्या माझ्या पायांकडे पाहिले.

“तुला उभं राहता येत नाही,” तो म्हणाला.

“लिहिलंय म्हणजे राहिलो.”

“आम्पारोशेजारी मग तुला कोणी येऊ देणार नाही. मीसुद्धा नाही देऊ शकणार.”

“माहीत आहे.”

मग त्याने उजव्या हाताने लेखणी घेतली, आणि डावा हात हळूच खिशात घातला.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने लिहिले. पासो गार्सा, ६ डिसेंबर १९९८, रविवार, दिवेलागणी.

सही: निकानोर इतुर्बे

साक्षीदार: एवारिस्तो सोरिया, अध्यक्ष, स्पोर्तिवो क्लब. मास्तरांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार: रामोना आकुन्या. खिडकी उघडी होती. मी पाहिली.